आहेरात गेलेला प्रोग्राम

आमच्या दवाखान्यातल्या कान तपासायच्या खोलीत एकच कॉम्प्युटर आहे, आणि फेब्रुवारीत तो भरला. भरला म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट उमगलं नव्हतं. बाहेरून तो होता तसाच होता, करडा, पत्र्याचा, वर मी विणलेलं झाकण. पण रुग्णांची नवी नोंदवही त्यात बसवा असा वरून हुकूम आला होता आणि ती काही केल्या बसेना. दर वेळी पडद्यावर तीच ओळ यायची: जागा अपुरी आहे.

डॉक्टर ओमुरबेक बुधवार ते शुक्रवार नारीन शहरातून आमच्या गावी येतात. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, म्हणून मला एजे, म्हणजे ताई म्हणतात. वैतागले की मान खाजवतात.

"बुरमाकान एजे, काहीतरी काढून टाकावं लागेल," ते म्हणाले. "हा बघा, हा जुना प्रोग्राम. केवढी जागा अडवलीय यानं! आणि शेवटचा उघडला कधी? सप्टेंबरात. त्याआधी मे महिन्यात. वर्षातून दोनदा!"

"तो सोनुनबुबू एजेंचा आहे."

"एका बाईसाठी?"

मी काही बोलले नाही. माझ्या न बोलण्याचा अर्थ लावायला ते आठ वर्षांत शिकले आहेत.

"बरं, नका पुसू," ते म्हणाले. "पण शुक्रवारपर्यंत जागा झाली पाहिजे. कशी करायची ते तुम्हीच बघा."

सोनुनबुबू एजे आमच्या गावाची मेंढरं राखतात. नवरा होता तोवर दोघं राखत, सहा वर्षांपासून एकट्या. मेमध्ये साऱ्या गावाची चारेकशे मेंढरं घेऊन वरच्या कुरणांवर, जायलोला जायचं, सप्टेंबरात खाली यायचं. त्यांच्या दोन्ही कानांतली यंत्रं जुनी, कुठल्याशा परदेशी मंडळींनी वाटलेली. ती बनवणं आता बंद झालंय. त्यांच्याशी बोलू शकणारा प्रोग्राम आमच्या त्या एकाच कॉम्प्युटरवर होता. तो ज्या तबकडीवरून बसवला ती कधीच गहाळ झाली होती. दर हिवाळ्यात एजेंचे कान थोडे आणखी मिटतात. वर जाण्याआधी, आणि पुन्हा खाली आल्यावर, डॉक्टर यंत्रं तारेनं जोडतात, प्रोग्राम उघडतात, आणि जिथं कान मिटले तिथं यंत्राचा आवाज वाढवतात. असा तो वर्षातून दोनदा उघडायचा प्रोग्राम.

त्या आठवड्यात मी ताझागुलला बोलावलं. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते, आमच्याच गल्लीत राहते. माझा एक नेम आहे, दुपार व्हायच्या आत हातानं भाजलेली एक भाकर दुसऱ्याच्या घरी पोचवायची. त्या दिवशीची भाकर तिला दिली आणि अडचण सांगितली.

"पुसायची गरजच नाही, एजे," ती म्हणाली. "क्वचित लागणारी गोष्ट आहे ना? बाहेरच्या डिस्कवर नेऊन ठेवू."

"मग उचल आणि ठेव."

"नुसतं उचलून नाही चालत. कॉम्प्युटर त्याला जुन्या जागीच शोधणार आणि नाही सापडला की रडत बसणार. म्हणून अख्खं फोल्डर डिस्कवर न्यायचं आणि जुन्या जागी एक पाटी लावायची. पाटीवर नवा पत्ता."

"म्हणजे आपण जायलोला गेलो की दाराला कुलूप असतं, आणि कोणी आलं तर शेजारीण सांगते, ते अमक्या ओढ्याच्या काठी गेलेत. तसं?"

ताझागुल माझ्याकडे बघतच राहिली. "तीन वर्षं पोरांच्या डोक्यात हे कोंबतेय मी! उद्या असंच सांगते वर्गात. तुमचं नाव नाही घेणार हं."

"नको घेऊस."

शुक्रवारी ती शाळा सुटल्यावर आली. आधी फोल्डर डिस्कवर उतरवलं, नीट उतरलं की नाही ते पाहिलं, मगच मूळचं पुसलं. मग काळ्या चौकटीत एक लांब ओळ टाइप केली. ती पाटी. नेहमीच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली तर प्रोग्राम उघडला, सोनुन एजेंचं नाव, डाव्या कानाची रेघ, उजव्या कानाची रेघ, सगळं जिथल्या तिथं. आणि कॉम्प्युटरमध्ये नोंदवही बसून वर जागा उरली. अल्लाचे आभार मानले, ताझागुलचेही मानले.

"एक सांगू?" जाताना ती म्हणाली. "याची आणखी एक प्रत कुठंतरी करून ठेवा. डिस्क पडते, भिजते, हरवते."

"करू या," मी म्हटलं.

माझी चूक म्हणाल तर ते 'करू या'. पुढच्या आठवड्यात तिच्या शाळेची परीक्षा, त्याच्या पुढच्यात आमच्याकडे लसीकरण, आणि ते राहूनच गेलं.

डिस्क कॉम्प्युटरला जोडून ठेवता येत नव्हती. त्याला भोकं दोनच, एकात कान तपासायचं यंत्र, दुसऱ्यात नोंदवहीची किल्ली म्हणून दिलेली काडी. खोलीतल्या खणाला कुलूप नाही. म्हणून मी डिस्क घरी नेली. आमच्या घरांतून वर्षातून एकदा-दोनदा लागणारी चांगली वस्तू कुठं ठेवतात? संदुकात. वर गाद्या-गोधड्यांची चळत, तिच्याखाली संदूक. आणि जपायची वस्तू उघडी ठेवत नाहीत, स्वच्छ कापडात बांधतात. माझ्याकडे निळ्या फुलांचा एक कोरा डोक्याचा रुमाल होता. त्यात डिस्क बांधली, दोन गाठी मारल्या आणि संदुकात इतर रुमालांच्या शेजारी ठेवली.

ते इतर रुमाल आहेराचे होते. एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मे महिन्याच्या पहिल्या बुधवारी सोनुनबुबू एजे आल्या. त्या आल्या की खोलीबाहेरच्या रांगेलाही कळतं, कारण ऐकू येत नसल्यानं त्या ओरडूनच बोलतात.

"काय गं बुरमाकान! हिवाळा बरा गेला ना?"

"बरा गेला, एजे."

"बोललीस का नुसते ओठ हलवलेस? मासा बरा गं तुझ्यापेक्षा, तो निदान बुडबुडे तरी काढतो!"

रांगेतली माणसं हसली. माझा आवाज पहिल्यापासून बारीक, त्याला इलाज नाही. डॉक्टरांनी एजेंचे कान तपासले आणि कपाळाला आठ्या घातल्या. या हिवाळ्यात कान नेहमीपेक्षा जास्त मिटले होते. उजवा तर जवळजवळ गेलाच होता.

"प्रोग्राम लागेल," ते म्हणाले. "डिस्क आणलीत?"

"घरी आहे. दहा मिनिटांत आणते."

मी धावत घरी गेले. गाद्या उतरवल्या, संदूक उघडला. लाल रुमाल होते, हिरवे होते, शर्टांची कापडं होती, चहाचे डबे होते. निळ्या फुलांचा नव्हता. पुन्हा सगळं बाहेर काढलं. नव्हताच.

सासूबाई चुलीपाशी दूध तापवत होत्या. ऐंशीच्या घरात आहेत, पण संदुकाचा कारभार अजून त्यांचा. मी त्यांना आपा म्हणते.

"आपा, निळ्या फुलांच्या रुमालात काहीतरी बांधलेलं होतं..."

"होतं. दिलं."

"कोणाला?"

"जुमगलच्या विहीणबाईंना, तुझ्या लेकीच्या सासूला. मार्चात नोरुझच्या सणाला आल्या होत्या ना? तू कामावर, गाडीवाला बाहेर भोंगा वाजवतोय. म्हटलं, पाहुणे रिकाम्या हातानं जातात की काय. सगळ्यांना एकेक रुमाल दिला आणि ते गाठोडं वजनदार लागलं, म्हटलं सूनबाईनं चांगलं काही बांधून ठेवलंय, ते विहीणबाईंच्याच हातात ठेवलं." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पळी खाली ठेवली. "का गं? काय होतं त्यात?"

"दवाखान्याचं होतं, आपा. सोनुनबुबू एजेंना ऐकू येण्यासाठी लागतं ते."

दूध उतू गेलं. दोघींनीही पाहिलं आणि दोघीही हललो नाही.

"दिलेला आहेर परत मागायचा?" सासूबाई शेवटी म्हणाल्या. "लेकीच्या सासरी? माझे केस पांढरे झाले ते याच्यासाठी?"

"मी मागा म्हटलं नाही."

"तू कधी काही म्हणतच नाहीस, तोच तर ताप आहे!"

त्यांचं चुकत नव्हतं. आमच्याकडे मुलीच्या सासरी दिलेली सुई जरी परत मागितली तरी ती गोष्ट नातवंडांच्या लग्नापर्यंत सांगितली जाते. आणि मला दुसरीच भीती होती. आहेर आमच्याकडे उघडून बघायची रीत नाही. आलेलं गाठोडं तसंच संदुकात जातं आणि पुढच्या लग्नात तसंच दुसऱ्याच्या हातात. एकच रुमाल पाच लग्नं फिरून पहिल्या बाईकडे परत आलेला मी स्वतः पाहिला आहे. नोरुझपासून मेपर्यंत किती लग्नं झाली असतील, अल्ला जाणे. डिस्क आतापर्यंत तलासला पोचली असेल, नाहीतर सरहद्दीपलीकडे.

रिकाम्या हातानं दवाखान्यात परतले. सोनुन एजेंना बोलून कळणार नव्हतं, म्हणून कागदावर लिहिलं, 'माझ्या हातून हरवलं. माफ करा.' त्यांनी कागद लांब धरून वाचला. पहिल्यांदाच त्या ओरडल्या नाहीत.

"शनिवारी मेंढरं ताब्यात घ्यायची आहेत," त्या म्हणाल्या. "त्या सातारकुलनं घरोघर सांगून ठेवलंय, औंदा ही चुकली तर कळप त्याच्या मेव्हण्याला द्या. म्हणतो, बहिरी राखण करणार? लांडगा येईल, हिच्याकडे चहा पिईल आणि जाईल."

ताबा घ्यायची आमची रीत अशी. नदीच्या पुलापाशी घरोघरची मेंढरं आणतात. प्रत्येक घरचा माणूस मोठ्यानं सांगतो, माझी किती, आणि कानांवर कुठं कापल्याची खूण. राखणदारानं ते ऐकून शब्द न् शब्द परत म्हणायचं. म्हटलं की ती मेंढरं त्याच्या जबाबदारीवर. कागद नाही, सही नाही. गेल्या वर्षी एजे दोनदा चुकल्या होत्या. लोकांनी नवऱ्याकडे बघून सोडून दिलं होतं, म्हणजे नवऱ्याच्या आठवणीकडे.

"कळप गेला तर मी खाली राहून काय करू?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. "भिंत बघू?"

डॉक्टरांनी मान खाजवली. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी इथं आहे," ते मला हळूच म्हणाले. "सापडलं तर बघू. मी तुम्हाला एका बाईसाठी म्हणालो होतो ना, ते विसरा, एजे."

त्यांनी रागवायला हवं होतं. ते रागावले नाहीत, त्यानंच माझे डोळे भरले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, माझा रोजा. सोमवार-गुरुवार धरते मी. पहाटेची नमाज झाल्यावर चटईवरून उठवेना. काय मागावं तेही सुचेना. शेवटी एवढंच म्हटलं, माझ्या चुकीची शिक्षा तिला नको.

उठून बघते तर सासूबाई फोन मांडीवर घेऊन बसलेल्या. डोक्यावर सणाचा पांढरा रुमाल बांधलेला, जणू विहीणबाई फोनमधून बघणारच होत्या.

"नंबर लाव," त्या म्हणाल्या. "आणि समोर बसू नकोस. तू ऐकत असलीस की मला खोटं बोलता येत नाही."

मी दाराआड उभी राहिले.

"विहीणबाई! बऱ्या आहात ना? ... व्याही? गुडघा कसाय त्यांचा? ... आणि गाई? किती व्यायल्या? ... वा, वा. आमच्याकडे बर्फ गेला. तुमच्याकडे? ... हो का. आमची नात? सासूचं ऐकते ना? ... नाही ऐकत? आईवर गेली असेल, तीही ऐकते असं दाखवते फक्त."

असं पाव तास चाललं. मी दाराआड नखं कुरतडत होते. मग सासूबाईंचा सूर बदलला.

"काय सांगू विहीणबाई, इथं एक गंमतच झालीय. सूनबाईच्या दवाखान्यात एक बाई येते. मेंढरं राखते गावाची, एकटी. तिला ऐकू येत नाही बिचारीला. तिचं ऐकणं एका छोट्या काळ्या डबीत ठेवलेलं असतं, कॉम्प्युटरची असते तसली. ती डबी कोण्या एका म्हातारीनं कुठंतरी दुसरीकडेच ठेवली. डोळे गेलेत, वय झालंय. आता शनिवारी मेंढरं ताब्यात घ्यायची आणि ती बाई बसलीय रडत. ... नाही, नाही, आम्हाला काही नको! मी आपलं सहज सांगितलं. इथं दुसरं बोलायला आहे काय? ... हो. ... हो का?"

मग त्या फोन कानाशी दाबून ऐकत होत्या. मग एकदम, "टीव्हीवर?"

फोन ठेवून त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या येतायत. तुझ्या भाकरीचा नेम झाला का आजचा? नसेल तर दोन भाज. एक त्यांच्यासाठी."

मी त्यांच्या पायाशी बसले. ऐंशी वर्षं जिनं कुणापुढं मान खाली घातली नाही, तिनं माझ्यासाठी स्वतःला आंधळी म्हातारी म्हणवून घेतलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "जा आता. कामाला उशीर होतोय."

शुक्रवारी जुमगलच्या वाटेवरच्या दोलोनच्या घाटात बर्फ पडला. मे महिन्यातसुद्धा पडतो तो, मनाला येईल तसा. दुपार गेली. चार वाजता डॉक्टरांची गाडी आली, त्यांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. साडेचारला पुन्हा सांगितलं. सोनुन एजे खोलीतल्या बाकावर बसून होत्या, हात मांडीवर, बघणं खिडकीबाहेर. पाचाच्या सुमारास शेजारचं पोर निरोप घेऊन आलं, जुमगलची गाडी आलीय.

मी घरी पोचले तर विहीणबाई सेयिलकान आमच्या मोठ्या खोलीत नुकत्याच बसत होत्या. गाल घाटातल्या वाऱ्यानं लाल. जेवणाचा दस्तरखान अंथरलेला, वर पिठाचे तळलेले बोरसोक, लोणी, जर्दाळूचा मुरंबा. रीतीप्रमाणे आता चहा, मग मांस, मग गप्पा, मग आहेर. दोन तास कुठंच गेले नव्हते. मी किटलीला हात घातला.

"चहा नंतर!" सासूबाई म्हणाल्या.

खोलीत सगळे थिजले. पाहुणीला चहाच्या आधी थांबवणं, तेही आमच्या सासूबाईंनी! स्वतः त्याही जरा दचकल्या असाव्यात. विहीणबाई मात्र हसल्या आणि शालीखालून एक गाठोडं काढलं. नव्या पिवळ्या रेशमी कापडात बांधलेलं.

"विहीणबाई, तुमच्यासाठी छोटासा आहेर आणलाय. नाही म्हणू नका."

सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. "कशाला हो तसदी घेतलीत," म्हणाल्या आणि तसाच माझ्या हातात दिला. "मला म्हातारीला काय करायचंय रेशीम. सूनबाई, तूच घे."

कोणी मागितलं नाही, कोणी परत केलं नाही. आहेर आला आणि आहेर दिला. माझ्या हातातलं वजन मी ओळखलं.

"तुम्ही उघडलंत ते, विहीणबाई?" मी विचारलं. "आहेर उघडत नाहीत ना?"

"अगं, हाताला टणक लागलं. मला वाटलं लग्नाची फिल्म! तुमच्याकडचं शूटिंग आम्हाला अजून मिळालं नाही म्हणून मी आठ महिने कुरकुरतेय, घरात विचार. म्हटलं, विहीणबाईंनी मनातलं ओळखलं. आम्ही टीव्हीला लावली. शेजारच्या सहा बायका बोलावल्या, बोरसोक तळले. तर पडद्यावर काहीच नाही! टीव्ही विचारतो, ही पुसून नवी करू का? माझा हात बटणावर गेलाच होता. तर तुमचे व्याही ओरडले, हात काढ! पाहुण्यांनी दिलेली वस्तू पुसतात का? न दिसली तर न दिसो, राहू दे तशीच. मग आम्ही ती टीव्हीशेजारी ठेवली, वर नक्षीचा रुमाल. आल्यागेल्याला दाखवते मी, हे लग्न आहे म्हणून."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. त्या गुडघेदुख्या व्याह्यांना मी आयुष्यात तीनदा भेटले असेन. त्या दिवसापासून प्रत्येक नमाजेत त्यांचं नाव घेते.

"जा गं," सासूबाई म्हणाल्या. "चहा मी ओतते."

दवाखान्यात डिस्क लावली. प्रोग्रामच्या चित्रावर टिचकी मारली. सापडत नाही, असं आलं. पुन्हा मारली. सापडत नाही. डॉक्टरांनी मान खाजवली, सोनुन एजे आमची तोंडं बघत होत्या. मी ताझागुलला फोन लावला.

"डिस्क आत्ता लावलीत ना, तर तिच्या नावापुढं कोणतं अक्षर दिसतंय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "तेच! पाटीवर दुसरं अक्षर लिहिलंय मी. दोन्ही भोकांतलं सगळं काढा. ती नोंदवहीची काडी पण. आता आधी डिस्क लावा, मग दुसऱ्या भोकात यंत्रांची तार. रांगेत पहिली येईल तिला पहिलं अक्षर मिळतं."

तसं केलं. प्रोग्राम उघडला. डाव्या कानाची रेघ, उजव्या कानाची रेघ. डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "ताझागुल, तू आहेस तिथून निघ आणि इकडे ये. याच्या दोन प्रती आत्ताच्या आत्ता. त्याशिवाय मी गाडीत बसत नाही."

यंत्रं जोडून त्यांनी, दर वर्षीसारखी घाई न करता, एकेक सूर तपासत हळूहळू आवाज वाढवत नेला. एजेंनी डोळे मिटले होते. मधेच एकदम उघडले.

"हे टकटक काय वाजतंय?"

"भिंतीवरचं घड्याळ."

"रोजच वाजतं?"

"रोजच," मी म्हटलं, माझ्या नेहमीच्या आवाजात.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि कपाळावर ओठ टेकवले. त्यांच्या हातांना मेंढीच्या लोकरीचा वास होता.

शनिवारी सकाळी मी भाकर घेऊन पुलापाशी गेले. सासूबाई आणि विहीणबाईही आल्या, काठी टेकत, एकमेकींचा हात धरून. विहीणबाईंना म्हणे लग्नाची फिल्म नाही तर नाही, जिच्यासाठी घाट ओलांडला ती बाई तरी बघायची होती. नदीला पाणी चढलेलं, मेंढरांचा गलका, वारा. एकेक घर पुढं येत होतं.

"अकरा! डावा कान टोकाला कापलेला!"

"अकरा, डावा कान टोकाला कापलेला," एजे म्हणायच्या आणि मेंढरं पलीकडे जायची.

चाळीस-पन्नास घरं झाली. मग सातारकुल आला. तो मुद्दाम वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभा राहिला आणि छातीतल्या छातीत पुटपुटला. मी चार पावलांवर होते, मला निम्मंच ऐकू आलं.

"चौदा," एजे म्हणाल्या. "उजव्या कानाला भोक, डाव्याला मागून खाच. आणि त्यातली एक खोकतेय, सातारकुल. ती मागची, काळ्या तोंडाची. छातीत घरघर आहे तिच्या. तिला वर नेणार नाही मी, सगळा कळप खोकेल. आधी औषध दे, मग पोराबरोबर पाठव. तेरा घेते."

सातारकुल मेंढीपाशी वाकला. कान लावून ऐकलं. उठला तेव्हा लोक हसत होते, पण त्याच्या तोंडावर राग नव्हता.

"मला घरी ऐकू आलं नव्हतं," तो म्हणाला. मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तेरा! घ्या, एजे!"

उरलेली घरं भराभर झाली. शेवटी आमच्या गल्लीतले वयोवृद्ध दोगदूरबाय आजोबा पुढं आले आणि आशीर्वादासाठी दोन्ही हात उघडे धरले. आम्ही सगळ्यांनी धरले. आजोबांचा आवाज आता अगदी क्षीण, वाऱ्यावर उडून जाणारा. वाट सरळ असो, गवत ओलं असो, लांडग्याचं तोंड बांधलेलं असो, असं बरंच काही. दरवर्षी या वेळी सोनुनबुबू एजे चोरट्या नजरेनं इतरांच्या हातांकडे बघत राहायच्या, कारण आशीर्वाद कधी संपला ते त्यांना कळायचं नाही. सगळ्यांचे हात तोंडावरून फिरले की मागून त्यांचे फिरायचे.

त्या दिवशी त्यांनी डोळे मिटलेले होते. आजोबा "आमीन" म्हणाले, ते मला नीट ऐकूही आलं नाही. एजेंचे हात मात्र त्याच क्षणी चेहऱ्यावरून खाली उतरले, आणि त्यांचे पाहून मी माझे फिरवले.

मग त्यांनी घोड्याला टाच मारली आणि कळप पुलावरून वर निघाला.